सीमाप्रश्नावरच्या टीव्ही चर्चेत माहिती कच्ची आहे हे कसं ओळखायचं?

निपाणी_वाचक:
१ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव) किंवा कर्नाटक विधिमंडळाचं बेळगावातलं अधिवेशन जवळ आलं की मराठी-कन्नड दोन्ही वाहिन्यांवर महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न सुरू होतो. बोलणारे अस्खलित, तारखाही धडाधड सांगतात, पण एकाचे आकडे दुसऱ्याशी जुळत नाहीत. कॉलेजची पोरं तेच खरं धरून चालतात. ऐकता ऐकता कशावरून ओळखायचं? धादांत चूक असेल तर तक्रार कुठं करायची?

खानापूरकर:
महाजन अहवालावर, म्हणजे या सीमावादासाठी केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाच्या अहवालावर, काय बोलतात ते नीट ऐका. ‘आयोगानं निकाल दिला’ असं कुणी म्हणालं की पाया कच्चा समजा. आयोग १९६६ चा, अहवाल १९६७ चा, आणि त्यात होत्या त्या शिफारशी. महाराष्ट्रानं त्या फेटाळल्या, संसदेनं कायदा केला नाही, त्यामुळं अंमलबजावणी झालीच नाही.

दुसरं, अहवाल अर्धाच सांगतात. कन्नड वाहिनीवर ‘बेळगाव कर्नाटकातच’ एवढंच येतं. निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत, हे त्याच अहवालातलं गाळतात. मराठी वाहिनीवर २६४ येतात, पण दक्षिण सोलापूर, अक्कलकोटकडची २४७ गावं कर्नाटकाला द्यायची शिफारस कुणी काढत नाही. ही लबाडी आहे, दोन्हीकडची.

८१४ गावं हा आयोगापुढचा महाराष्ट्राचा दावा. ८६५ हा २७ डिसेंबर २०२२ च्या महाराष्ट्र विधिमंडळाच्या ठरावातला. आकडा कुठल्या कागदातला हे जो सांगत नाही, तो पाठ करून आलेला असतो.

कायद्याचा_विद्यार्थी_बेळगाव:
खानापूरकर, बरोबर. ‘१९५६ ला महाराष्ट्रानं बेळगाव कर्नाटकाला दिलं’ हे वाक्यही कच्च्या माहितीची खूण धरा. राज्य पुनर्रचना कायद्यानं मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात गेला. महाराष्ट्र १९६० चा, कर्नाटक हे नाव १९७३ चं. किरकोळ वाटेल, पण महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला २००४ चा दावा याच कायद्याला आव्हान देतो, राज्यघटनेच्या कलम १३१ खाली (राज्याराज्यांतले वाद थेट तिथं नेण्याचं कलम). कर्नाटकाचा मुद्दा असा की कलम ३ प्रमाणे सीमा बदलणं संसदेच्या हातात आहे. त्यामुळं ‘महाजन अहवाल कोर्टात अडकलाय’ म्हणणाऱ्यानं दाव्याचा विषयच वाचलेला नसतो.

आणि टक्केवारी आली की विचारा: बेळगाव शहर, तालुका की जिल्हा? जनगणना कुठल्या सालची? भाषेचं प्रमाण तिन्हीकडं फार वेगळं आहे.

निपाणी_वाचक:
दोघांचेही आभार. तक्रारीचं कुणी सांगेल का?

चिकोडी_ग्राहक:
मत पटलं नाही म्हणून तक्रार टिकत नाही, वस्तुस्थितीची चूक लागते. वाहिनी, कार्यक्रम, तारीख, मिनिट-सेकंद आणि बोललेलं वाक्य जसंच्या तसं लिहा. खाली बरोबर माहिती, सोबत ठरावाच्या किंवा अहवालाच्या त्या पानाची प्रत. केबल टीव्ही नियम १९९४ मधला नियम ६ खोट्या आणि अर्धसत्य मजकुराला मनाई करतो, त्याचा उल्लेख करा.

पहिली तक्रार वाहिनीच्याच तक्रार अधिकाऱ्याकडं. २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणं त्यांना १५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची सदस्य आहे तिथं अपील. ती संस्था एनबीडीएसए (वृत्तवाहिन्यांची स्वनियमन संस्था) असेल तर पहिली तक्रार प्रक्षेपणापासून ७ दिवसांत गेलेली हवी. बहुतेक प्रकरणं इथंच हुकतात. मागणी ‘माफी मागा’ अशी मोघम नको, ‘त्याच वेळेच्या कार्यक्रमात दुरुस्ती दाखवा’ अशी नेमकी लिहा. यूट्यूबवरची क्लिप नंतर काढली जाऊ शकते, म्हणून रेकॉर्डिंग आधी करून ठेवा.