एकही कागद नव्हता, तरी पीपीआयचे पैसे परत मिळाले: तुमचेही अनुभव लिहा

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि काही वर्षं राहून परत गेलेल्या सगळ्या मंडळींसाठी हा धागा काढतेय.

पीपीआय (पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स) म्हणजे आजारपण आलं किंवा नोकरी गेली तर हप्ते भरू असं सांगून कर्जाबरोबर किंवा क्रेडिट कार्डाबरोबर गळ्यात मारलेला विमा. त्याची तक्रार करायची मुदत २९ ऑगस्ट २०१९ ला संपली, मग आता का लिहायचं? गेल्या महिन्यात भाच्याने विचारलं, "मावशी, गाडीच्या कर्जात डीलरचं कमिशन लपवलं म्हणून लोक तक्रारी करतायत. माझ्याकडे करारच नाही. सोडून देऊ का?" मला चर्रर्र झालं. पीपीआयच्या वेळी आपल्यातल्या किती घरांनी हेच म्हणून हक्काचे पैसे सोडले! बँकांनी २०११ ते २०१९ अखेरपर्यंत ३८ अब्ज पौंडांहून जास्त परत केले. त्यात आपला वाटा होता, पण "कागद नाहीत" म्हणून कित्येकांनी साधं पत्रसुद्धा टाकलं नाही.

आधी माझं सांगते. २००२ मध्ये ८,००० पौंडांचं कर्ज घेतलं. विम्याचे १,४५० पौंड एकरकमी त्यातच मिळवले होते, म्हणजे हप्ता आणि व्याज ९,४५० वर. शाखेतली बाई म्हणाली होती, "विमा घेतलात तर मंजुरीला अडचण येणार नाही." मी नुकतीच आलेली. असंच असेल म्हणून सही केली. नोकरी एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत. आजारी पडले तर पगार चालू राहणार होताच, पाच वर्षं झाली की सहा महिने पूर्ण आणि पुढचे सहा महिने अर्धा. त्या विम्याचा मला काही उपयोगच नव्हता, आणि मला हे कुणी विचारलंही नाही.

कर्ज २००६ मध्ये फिटलं. नंतर तीन घरं बदलली, कागद रद्दीत गेले. २०१६ मध्ये एका पानाचं पत्र लिहिलं: नाव, जन्मतारीख, कर्जाचं अंदाजे साल आणि तोपर्यंतचे सगळे पत्ते पोस्टकोडसकट. खाते क्रमांक नाही, कराराची प्रत नाही. सोबत दहा पौंडांचा चेक, तुमच्याकडे माझी जी माहिती असेल ती सगळी द्या या मागणीसाठी. (ही सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट २५ मे २०१८ पासून फुकट झाली आहे आणि ती आजही करता येते. उत्तर साधारण महिन्याभरात द्यावं लागतं.) पाच आठवड्यांनी जाड पाकीट आलं. बहुतेक पानं कॉम्प्युटरच्या पडद्यांच्या छापील प्रती, नुसते कोड. सतराव्या पानावर एका चौकटीत पीपीआय आणि त्यापुढे एकच इंग्रजी अक्षर, वाय. म्हणजे हो. त्या एका अक्षरावर माझी तक्रार उभी राहिली आणि पैसे मिळाले.

आता तुम्ही लिहा. बँकेचं नाव नको. काय केलं आणि काय अडलं ते लिहा. पैसे मिळाले नसतील तर तेही लिहा.

* * *

ताई, बरं झालं धागा काढलात. माझं घोडं नावापाशी अडलं होतं.

बँकेचं पहिलं उत्तर दोन ओळींचं: तुमच्या नावाचं कर्ज सापडत नाही. मी रडकुंडीला आले, कारण हप्ते तर मी स्वतः भरले होते. यजमान म्हणाले, "तू तेव्हा कुठल्या नावाने सही करायचीस?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. १९९९ मध्ये बर्मिंगहॅमला आले तेव्हा पासपोर्ट माहेरच्या नावाचा होता, मधलं नाव वडिलांचं. नंतरच्या पासपोर्टवर मधलं नाव यजमानांचं आणि आडनाव सासरचं. त्यात शाखेतल्या माणसाने मधलं नावच आडनाव समजून टाइप केलं होतं. इथल्या लोकांना आपली नावाची पद्धत कळत नाही, त्यात त्यांचा दोष नाही.

दुसऱ्या पत्रात नावाची चारही रूपं एकाखाली एक लिहिली, स्पेलिंगच्या फरकासकट. लग्नाच्या दाखल्याची प्रत जोडली. तीन आठवड्यांत एक नाही, दोन कर्जं सापडली. दुसऱ्यावरही विमा होता, ते मला माहीतच नव्हतं!

आपल्या बायकांनी हे नक्की लक्षात ठेवा. "सापडलं नाही" असं पत्र आलं तर आधी आपण कुठलं नाव दिलंय ते तपासा.

* * *

मी हाउन्स्लोला, तेव्हा आयटीत काँट्रॅक्टवर. क्रेडिट कार्डावर विमा होता. थकबाकीच्या दर शंभर पौंडांवर ७९ पेन्स, महिन्याला. रक्कम इतकी बारीक की स्टेटमेंटवर नजर पडूनही कधी टोचली नाही. नोकरी गेली तर हप्ते भरू असं विम्यात म्हटलेलं, पण माझ्यासारख्या स्वतःच्या कंपनीतून काम करणाऱ्याला ते कलम लागू होणं जवळजवळ अशक्य होतं. अर्जावर विमा हवा या चौकटीतली खूण आधीच छापलेली होती, असं मला पक्कं आठवतं.

अडचण अशी की कार्ड १९९८ चं आणि बँकेकडे स्टेटमेंट फक्त शेवटच्या सहा वर्षांची. त्यांनी तेवढ्याच काळाचे पैसे देऊ केले. मी ते घेतले नाहीत. फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे गेलो. तिथे एक पैसा लागत नाही. (बँकेने आठ आठवड्यांत उत्तर दिलं नाही तर लगेच जाता येतं. अंतिम उत्तर आलं असेल तर तिथून सहा महिन्यांच्या आत.) विमा कार्डाबरोबरच सुरू झाल्याची नोंद बँकेकडे होती. मग उपलब्ध महिन्यांच्या सरासरीवरून आधीच्या वर्षांचा अंदाज बांधून हिशेब केला गेला. माझ्याकडून एकही स्टेटमेंट मागितलं नाही. फोनवरच्या मुलीने फक्त विचारलं, "त्या काळात साधारण किती थकबाकी ठेवायचात?" जे आठवलं ते खरं खरं सांगितलं. जे आठवत नव्हतं, ते आठवत नाही असं सांगितलं.

* * *

मी घाई केली, ते लिहितो. २०१२ मध्ये एका क्लेम कंपनीचा फोन आला. कागद नसले तरी आम्ही शोधून काढू, म्हणाले. मिळाले २,९०० पौंड. त्यातले ३० टक्के त्यांचे आणि त्यावर व्हॅट, म्हणजे १,०४४ पौंड गेले. त्यांनी माझ्याकडून भरून घेतलेला अर्ज नंतर ओम्बड्समनच्या फुकट प्रश्नावलीशी ताडून पाहिला. प्रश्न जवळपास तेच, आणि उत्तरं तर मीच लिहिली होती. जुलै २०१८ पासून कायद्याने ही फी २० टक्के अधिक व्हॅट इतकीच घेता येऊ लागली, पण तोवर आमच्यासारखे हजारो जण देऊन बसले होते. बँकेला पत्र लिहायला वकील लागत नाही, मंडळी.

* * *

आमचे नाही मिळाले. १९९६ चं कर्ज, २००० मध्ये फिटलं. कंपनीकडे काहीच शिल्लक नव्हतं आणि ओम्बड्समननेही सांगितलं की विमा होता हे दाखवणारं काहीतरी हवं. हप्ता ज्या खात्यातून जायचा त्याचं एखादं स्टेटमेंट असतं तरी चाललं असतं. तेही नव्हतं.

* * *

हे बाबांचं. ते २०१५ मध्ये गेले. आई लेस्टरला एकटी. एका कपड्यांच्या दुकानाचं कार्ड बाबांकडे होतं एवढंच तिला आठवत होतं. दुकानाला लिहिलं तर ते म्हणाले, आमचा संबंध नाही. कार्डावर नाव दुकानाचं, पण पैसे देणारी फायनान्स कंपनी वेगळीच, आणि तीही मध्ये दुसऱ्या कंपनीने विकत घेतलेली.

सुटका आईच्या सवयीमुळे झाली. ती बंद केलेली कार्डं कापायची, पण फेकायची नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, बटणं आणि जुन्या किल्ल्यांखाली त्या कार्डाचा अर्धा तुकडा मिळाला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव होतं. नंबरचे शेवटचे आठ आकडे त्या अर्ध्या भागात होते. तेवढं पुरलं. मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्राची प्रत जोडून आईच्या नावाने तक्रार केली. ३४० पौंड आले. रक्कम मोठी नाही, पण पत्रात बाबांचं नाव होतं. आईने ते पत्र त्याच डब्यात ठेवलंय.

* * *

२०१३ मध्ये नाकारलं, २०१८ मध्ये मिळालं, असंही होतं. आम्हाला विमा नीट समजावून विकला असं बँकेचं म्हणणं, आणि ते ओम्बड्समनलाही पटलं. पण २०१४ मध्ये प्लेव्हिन नावाच्या बाईंच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की विमा विकण्याचं कमिशन इतकं मोठं असताना ते ग्राहकापासून लपवणंच अन्यायाचं आहे. त्या बाईंच्या प्रीमियममधला ७१.८ टक्के भाग कमिशनमध्ये गेला होता! त्यानंतर नियम आला की कमिशन ५० टक्क्यांच्या वर असेल आणि ते सांगितलं नसेल, तर वरचा भाग परत करायचा. नवं पत्र लिहिलं, जुन्या नकाराच्या पत्रावरचा संदर्भ क्रमांक दिला. पूर्ण नाही, पण ६१० पौंड आले.

* * *

आम्ही २०११ मध्ये पुण्याला परतलो. बँकेने मान्य केलं आणि चेक पाठवला रेडिंगच्या जुन्या पत्त्यावर. नव्या भाडेकरूने तो परत पाठवला म्हणून वाचलो. दुसरा चेक पुण्यात आला, पण पौंडांचा चेक इथे वटवायला महिना लागला आणि खर्चही बराच झाला. पैसे थेट खात्यात पाठवा असं पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं.

दुसरं म्हणजे, परताव्यात तीन भाग असायचे: भरलेला प्रीमियम, त्यावर लागलेलं व्याज, आणि भरपाई म्हणून वर्षाला ८ टक्के सरळव्याज. या शेवटच्या भागातून २० टक्के कर कापायचे. ज्यांचं उत्पन्न कमी होतं त्यांना आर४० फॉर्म भरून तो कर परत मागता येत होता, चार वर्षांच्या आत. आम्हाला हे कळेपर्यंत पाचवं वर्ष लागलं होतं.

* * *

धागा काढणारीच पुन्हा. बिस्किटांच्या डब्याचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

भाच्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. डीलरला व्याजदर चढवून जास्त कमिशन काढता येईल अशी पद्धत एफसीएने (ब्रिटनमधल्या वित्तीय कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या संस्थेने) जानेवारी २०२१ मध्ये बंद केली. त्याची गाडी २०१७ ची. त्याला वरचे सगळे अनुभव वाचायला दिले आणि माझ्यासमोर बसवून पत्र लिहून घेतलं: नाव तीन रूपांत, जन्मतारीख, गाडीचा नंबर आणि त्या वेळचे दोन्ही पत्ते. करार क्रमांकाच्या जागी लिहिलं, "माझ्याकडे नाही, कृपया आपल्या नोंदीतून शोधावा."

सोमवारी त्याचा फोन आला. एकोणीस पानं आली आहेत, कराराच्या प्रतीसकट. कमिशनची रक्कम अकराव्या पानावर आहे.