जुनी गाडी घेताना एअरबॅग तपासाच

वर एकांनी लिहिलंय की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा जळत असला तरी गाडी पळते, मग खर्च कशाला? दादा, असं करू नका. दिवा जळतोय म्हणजे यंत्रणेत दोष आहे, धडकेत बॅग उघडेलच असं नाही. चावी फिरवल्यावर तो काही सेकंद पेटून विझला पाहिजे. पेटलाच नाही तर विकणाऱ्याने कनेक्शन काढलेलं असू शकतं. सांगलीत २०१९ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांबाबत तर हे आधी बघा, कारण एअरबॅगचं कंट्रोल युनिट, म्हणजे बॅग कधी उघडायची ते ठरवणारा भाग, बहुधा खाली, गिअरजवळ असतं आणि पुराचं पाणी तिथे शिरतं.

दिवा ठीक असूनही धोका राहतो तो टकाटा या एअरबॅग बनवणाऱ्या कंपनीच्या इन्फ्लेटरचा, म्हणजे बॅग फुगवणाऱ्या धातूच्या डबीचा. त्यातलं अमोनियम नायट्रेट हे वायू तयार करणारं रसायन वर्षानुवर्षं उष्ण, दमट हवेत खराब होतं. मग बॅग फुगताना धातूची डबीच फुटते आणि तिचे तुकडे चालकाच्या मानेत, डोळ्यांत घुसतात. एरवी खरचटण्यावर निभावलं असतं अशा धडकेतही माणसं गेली आहेत. २०१७ मध्ये टकाटाचं दिवाळं निघालं, पण त्या गाड्या अजून हातोहात विकल्या जातात आणि रिकॉलचं, म्हणजे सदोष भाग बदलायला गाडी परत बोलावण्याचं, पत्र जुन्या मालकाकडेच जातं. म्हणून सौदा ठरण्याआधी आरसीवरचा चॅसिस नंबर गाडीच्या कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा. रिकॉलमध्ये इन्फ्लेटर फुकट बदलून मिळतो.