१९४४ चं लष्करी पत्र: लिहिणाऱ्या शिपायाचा शोध कुठून सुरू करावा?

जुनी_ट्रंक:
दुसऱ्या महायुद्धातलं एक पत्र आहे. जांभळट पेन्सिल, मोडी वळणाची देवनागरी. मायना "तीर्थरूप बाबांचे सेवेसी, साष्टांग नमस्कार विनंती विशेष". तारीख १९-१०-४४. पाठवणाऱ्याच्या जागी पाच आकडी नंबर (इंग्रजी आकडे, शेवटचा 3 किंवा 8), "शि.", स्वतःचं व वडिलांचं नाव, आडनाव नाही. खाली "सी कंपनी, १/५ मराठा, सी.एम.एफ." (म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण, सेंट्रल मेडिटरेनियन फोर्स, इटलीची आघाडी). मजकुरात "पाऊस व चिखल फार, डोंगर आपल्या घाटासारखे". दोन शब्द काळ्या शाईने खोडलेत. पत्ता मु., पो., पेटा (तालुक्याहून लहान महसुली विभाग) आणि जि. रत्नागिरी असा पूर्ण आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत नावाने शोधलं, काही सापडलं नाही. आता पुढे काय करावं?

टपालछंदी:
आधी कागद सांभाळा. ही कॉपिंग पेन्सिल आहे. तिच्यात रंगद्रव्य असतं, पाण्याचा थेंब पडला की अक्षर जांभळं होऊन पसरतं. ओला बोळा, खोडरबर, सेलोटेप, लॅमिनेशन यांपैकी काहीही नको. दोन्ही बाजू आणि पाकीट ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करा. ३ की ८ हे ठरवायला कागद पालथा घालून अगदी आडवा प्रकाश टाका. पेन्सिल दाबून लिहिलेली असते, मागच्या बाजूला उठाव दिसतो. मागून आकडा आरशातल्यासारखा उलटा दिसतो, म्हणून 8 असेल तर उजवी बाजूही बंद दिसेल.

पाकिटावरच्या शिक्क्यात "एफ.पी.ओ." आणि क्रमांक असेल तर तो लिहून घ्या, पण एवढ्यावरून गाव ठरवू नका. फील्ड पोस्ट ऑफिस डिव्हिजन-ब्रिगेडबरोबर हलायचं. एकच क्रमांक सहा महिन्यांत तीन ठिकाणी असू शकतो, म्हणून क्रमांक आणि तारीख अशी जोडी लागते. मागच्या बाजूला गावाकडच्या पोस्टाचा पोचशिक्का असेल तर तोही वाचा. "मु." म्हणजे राहतं गाव, "पो." म्हणजे पोस्ट असलेलं गाव. ही दोन वेगळी असतात आणि पुष्कळ जण इथेच चुकीच्या गावात जाऊन धडकतात.

खोडलेले शब्द म्हणजे बहुधा लष्करी सेन्सॉरने झाकलेलं ठिकाणाचं नाव. रसायनं लावून ते वाचायचा उद्योग करू नका.

दफ्तरखाना:
नावापासून सुरुवात केलीत, तिथेच चुकलं. नाव सगळ्यात शेवटी. आधी नंबर, पलटण, तारीख.

कमिशनच्या यादीत फक्त मृत आहेत, दुसऱ्या महायुद्धासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले. तिथे नाव नाही याचा सरळ अर्थ बहुधा माणूस जिवंत परतला. तरी खात्री करायची तर नावाची चौकट रिकामी ठेवून नुसत्या सर्व्हिस नंबरने शोधा, ३ आणि ८ दोन्ही घालून. नंबर रेजिमेंटपुरता असतो, दुसऱ्या रेजिमेंटमध्येही तोच सापडेल, म्हणून रेजिमेंट जुळवा. ती तिथे "मराठा" नव्हे, "महरट्टा" अशा जुन्या स्पेलिंगने आहे. नावांची स्पेलिंगं तर कारकुनाच्या कानावर: सावंतचे चार प्रकार, जाधवचे पाच. गावाचं नाव "अ‍ॅडिशनल इन्फर्मेशन" या रकान्यात टाकून पाहणं जास्त फायद्याचं. आणि कबर नाही म्हणून नोंद नाही असं समजू नका. इटलीत दहन झालेल्या हिंदू सैनिकांची नावं सांग्रो नदीकाठच्या दहन स्मारकासारख्या ठिकाणी कोरलेली आहेत.

माणूस परतला असेल तर पुढची जागा बेळगाव, मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस. इथे अपेक्षा नीट ठेवा. पेन्शन नसलेल्या शिपायाची सेवापुस्तिका २५ वर्षांनंतर नष्ट करतात, पेन्शनरची ५० वर्षांनंतर. म्हणजे पूर्ण फाइल बहुतेक गेलेली. राहतो तो "लाँग रोल": नंबर, हुद्दा, नाव, भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख आणि कारण. एकदोन ओळींची नोंद, पण आपल्याला तेवढीच हवी. अर्जात "सगळी माहिती द्या" असं लिहिलंत की "रेकॉर्ड नष्ट" असं छापील उत्तर येतं. "लाँग रोलमधील नोंदीची प्रत" असे शब्द घाला.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार: १० रुपये शुल्क, ३० दिवस. "वैयक्तिक माहिती" म्हणून नाकारलं तर अपिलात कलम ८(३) दाखवा. वीस वर्षांपूर्वीच्या घटनांना ८(१)(ञ) चा अडसर लागत नाही.

याहून सोपा आणि दुर्लक्षित दरवाजा म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. महाराष्ट्र शासन दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना व त्यांच्या विधवांना मासिक मदत देतं. त्याने किंवा त्याच्या पत्नीने कधी अर्ज केला असेल, तर त्या फाइलीत नंबर, पलटण आणि बहुधा डिस्चार्ज सर्टिफिकेटची नक्कल मिळते. जिल्हा मात्र आजचा धरा. १९४४ च्या रत्नागिरी जिल्ह्यातून १९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा झाला, त्यामुळे कुडाळ-मालवणकडचं गाव असेल तर फाइल सिंधुदुर्गच्या मुख्यालयात, ओरोसला असेल. "पेटा" लिहिलंय, तो पुढे तालुका झाला असेल किंवा शेजारच्या तालुक्यात गेला असेल, तेही बघा.

घरात पदकं असतील तर कडा आणि ताऱ्यांची मागची बाजू भिंगाने पाहा. भारतीय सैनिकांच्या पदकांवर बहुतेकदा नंबर, हुद्दा, नाव ठोकलेलं असतं. इटली स्टार असेल तर पत्राशी मेळ बसतो. आफ्रिका स्टारही असेल तर तो १२ मे १९४३ पूर्वीच त्या आघाडीवर होता.

घाटमाथा:
वरच्याशी सहमत, पण "१/५" हे वाचन आधी पक्कं करा. ऑक्टोबर १९४४ मध्ये ३/५ मराठाही इटलीत होती. १/५ आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये, ३/५ दहाव्या. १/५ तेव्हा फ्लॉरेन्सच्या ईशान्येला अपेनाइन डोंगररांगेत होती. "घाटासारखे डोंगर, चिखल" तिथे चपखल बसतं. दहावी डिव्हिजन त्या महिन्यात एड्रियाटिक समुद्राच्या बाजूला गेली होती. तिथेही पाऊस आणि टेकड्या होत्याच, तेव्हा केवळ मजकुरावर निकाल देऊ नका. फिकट १ आणि ३ मध्ये घोळ झाला तर चुकीच्या पलटणीची डायरी वाचत बसाल.

वॉर डायरी, म्हणजे पलटणीची रोजची नोंदवही, लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये. मालिका डब्ल्यूओ १६९ आणि डब्ल्यूओ १७०, दोन्ही तपासा.  ब्रह्मदेश आघाडीसाठी १७२ असते, ती इथे लागू नाही. डायरीत साध्या शिपायाचं नाव जवळजवळ कधीच नसतं. तिचा उपयोग १९ तारखेला पलटण कुठे होती आणि काय करत होती एवढ्यापुरता, तोही सी कंपनीचा उल्लेख शोधून. शौर्यपदकाची शिफारस असेल तर डब्ल्यूओ ३७३.

आणखी एक. अक्षर त्याचंच असेल असं गृहीत धरू नका. पलटणीत एक लिहिणारा दहा जणांची पत्रं लिहायचा. दोन पत्रांची अक्षरं वेगळी म्हणून माणसं वेगळी ठरत नाहीत. उलट मायना, घरच्यांची नावं, गुराढोरांची चौकशी, हे बदलत नाही.

जुनी_ट्रंक:
आडव्या प्रकाशात ८ निघाला. पलटणीचा आकडा १ च आहे, मागून सरळ रेघ दिसते. बेळगावला अर्ज करताना सोबत काय जोडावं?

दफ्तरखाना:
नंबर, हुद्दा, नाव, वडिलांचं नाव, पलटण, कंपनी, गाव आणि तारीख एका पानावर इंग्रजीत टाइप करा. नावाच्या शक्य त्या सगळ्या स्पेलिंग द्या. पाठवणाऱ्याच्या पत्त्याच्या ओळींची झेरॉक्स जोडा, मूळ पत्र अजिबात नको. नातं असेल तर वारस दाखला आणि ओळखपत्राची प्रत. आणि अंक ३ असण्याची शक्यता होती हेही एका वाक्यात लिहा, तिथला कारकून दोन्ही नोंदी बघेल.