उत्तर: वयोगट बघून पुस्तक घ्यावं का?
मुलांच्या पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर छापलेल्या वयोगटावर विसंबू नये, असं म्हणतात. ते पटलं, पण मग पुस्तक मुलाला झेपेल का हे पारखायचं कसं, ते राहिलं. मधलंच एखादं पान मुलाला मोठ्यानं वाचायला द्या. अडेल त्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटा. पाचही मिटली तर ते एकट्यानं वाचायला सध्या अवघड आहे; तरी पुस्तक परत ठेवू नका, सध्या तुम्ही वाचून दाखवा. मराठीत बरेचदा अडतात ती जोडाक्षरं आणि रफार. तरी ऐकताना गोष्ट कानानं छान कळते. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, त्याही फुकट. विकत घेण्याआधी तिथे पातळीचा अंदाज घ्या.

माहितीच्या पुस्तकात मात्र आधी चित्रं तपासा. कोळ्याला आठाऐवजी सहा पाय काढले असतील, तर कागद कितीही गुळगुळीत असो, घेऊ नका.