भावाला महिनाभर इंदूरला आणायचं तर तिकडे कोण बसणार?

रामबागवाली: माझा धाकटा भाऊ अलिराजपूर जिल्ह्यात पीएचसीला (सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात) एकटाच एमओ, म्हणजे डॉक्टर, आहे, दोन वर्षं होत आली. दिवाळीत आला तर जेवतानाही तिथल्या एएनएमचा (नर्सचा) फोन, सर बीपी एवढा आलाय काय करू, ताट तसंच. पगाराचं काही नाही म्हणतो, पण रात्री दोनला केस आली की शेजारी विचारायला कोणी नसतं गं, आणखी सालभर असाच राहिलो तर शिकलेलं पण विसरेन. त्याचा बॅचमेट इथे सरकारीतच आहे, तो तयार आहे महिनाभर तिकडे जायला. अशी अदलाबदली करता येते का हो?

रिटायर्डकाका: ताई, आपसात ठरवून नाही चालत, लेखी ऑर्डर हवी. उद्या मारामारीची केस आली तर एमएलसीवर, म्हणजे पोलीस केसच्या डॉक्टरी कागदावर, सही कोणाची? कोर्टाचं समन्स सही करणाऱ्याच्याच नावाने येतं, मी रिटायर झाल्यावरही खेटे घातलेत. दोघांनी सीएमएचओकडे (जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याकडे) अर्ज द्या आणि परतायची तारीख ऑर्डरमध्येच घालून घ्या, नाहीतर अटॅचमेंटवर (तात्पुरत्या नेमणुकीवर) शहरात आलेला माणूस इकडचाच होतो न् गाव रिकामं.

उसळपोहेवाला: भिया, शहरातला डॉक्टर तिकडे करणार काय, दिसला पेशंट की बोलवा १०८ आणि करा रेफर. आमच्या मामाच्या गावी हेच झालं.

पीजीवाली: @उसळपोहेवाला थोडं खरंय, मी पण तशीच होते. डीआरपीत, म्हणजे पीजीच्या जिल्हा पोस्टिंगमध्ये, आम्हाला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. साप चावलेला पेशंट आला, मी रक्त घेतलं प्लॅस्टिकच्या नळीत, तिथले सर ओरडलेच. काचेची कोरडी नळी हवी, वीस मिनिटं हलवायची नाही, मग तिरकी करून बघायची, गोठलं नसेल तर एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) सुरू. साबणाने धुतलेली काच पण चालत नाही. आणि मण्यार असेल तर रक्त छान गोठतं, तिथे पापण्या बघायच्या, मिटायला लागल्या की समजा. कॉलेजात मी लॅबच्या रिपोर्टची वाट बघत बसायची. म्हणून सांगते, बॅचमेटला तीन-चार दिवस आधी पाठवा, भाऊ तिथे असतानाच. आणि भावाला इथे ओपीडीत पर्चे लिहायला बसवू देऊ नका हं, वॉर्ड मागून घ्या, राउंड असलेला.

रामबागवाली: काका, अर्ज आजच लिहायला लावते. नळीचं त्याला फोनवर सांगितलं तर हसला, म्हणे माझ्या नळ्या कुलपात असतात, सफाईवाली मावशी सर्फने चकाचक करून ठेवते म्हणून.