‘मर्ल’ हे नाव पुरुषाचं की बाईचं? जन्मसालावरून अंदाज कसा बांधायचा?

टपालवही
इंग्रजी पत्रांचा एक संच मराठीत आणायचा आहे. पत्रं १९३६ ते १९४६ या काळातली, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातून लिहिलेली. खाली सही फक्त ‘मर्ल’. एप्रिल १९४० च्या पत्रात वय २७ असल्याचं लिहिलंय, म्हणजे जन्म १९१२ किंवा १९१३ चा. लग्न, मुलंबाळं, हुद्दा, कशाचाच उल्लेख नाही. मूळ इंग्रजीत पुरुष की बाई हे न सांगता पानंच्या पानं लिहिता येतात. मराठीत मात्र पहिल्याच ओळीला ‘मी गेलो’ की ‘मी गेले’ हे ठरवावं लागतं.

नावांच्या दोन-तीन संकेतस्थळांवर पाहिलं तर ‘मर्ल: बहुतांश पुरुष’ असं टक्केवारीसकट येतं. त्या टक्केवारीवर विसंबावं का? १९१२च्या सुमारास हे नाव कोणाला ठेवत, हे नेमकं कुठून काढायचं? आणि शेवटपर्यंत कळलंच नाही तर मराठीत काय करायचं?

कस्तूर
नाव फ्रेंचमधून आलंय. ‘मर्ल’ म्हणजे कस्तूर जातीचा काळा पक्षी, मूळ लॅटिन ‘मेरुला’. हॉलिवूडची मर्ल ओबेरॉन सर्वांना ठाऊक आहे. १९११ मध्ये मुंबईत जन्मलेली, म्हणजे तुमच्या पत्रलेखकाच्याच वयाची. मला तर हे बाईचंच नाव वाटतं.

आकडेकर
ओबेरॉनवरून १९१२ बद्दल काहीच ठरत नाही. ती पडद्यावर गाजली १९३०च्या दशकात. तिच्यावरून कोणी मुलीचं नाव ठेवलं असेल तर ते त्यानंतर, २० वर्षं आधी नाही. शिवाय प्रसिद्ध माणसं मोजायचीच म्हटली तर पारडं पलीकडे झुकतं: पदार्थवैज्ञानिक मर्ल ट्यूव्ह (जन्म १९०१, साउथ डकोटा), गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस (१९१७, केंटकी), लेखक मर्ल मिलर (१९१९), गायक मर्ल हॅगार्ड (१९३७, कॅलिफोर्निया). हे सगळे पुरुष. उलट अमेरिकेबाहेर नर्तकी मर्ल पार्क (तेव्हाचं ऱ्होडेशिया), लेखिका मर्ल हॉज (त्रिनिदाद), मर्ल कॉलिन्स (ग्रेनेडा) या सगळ्या बायका. इंग्रजी तीच, नाव तेच, पण प्रदेश बदलला की कल बदललेला दिसतो. सात-आठ माणसांवरून नियम काढू नये. पण ‘जगभरात अमुक टक्के पुरुष’ हा आकडा का निरुपयोगी आहे, एवढं यातून कळतं.

आता मूळ प्रश्न. संकेतस्थळांवरची टक्केवारी १८८० पासून आजपर्यंतची सगळी वर्षं एकत्र करून काढलेली असते. तुम्हाला एकाच सालाचं प्रमाण हवंय. ती संकेतस्थळं जिथून आकडे घेतात तिथेच जा. अमेरिकेचं सोशल सिक्युरिटी प्रशासन (सरकारी निवृत्तिवेतनाची योजना चालवणारी कचेरी) जन्मसालागणिक नावांच्या फाइली फुकट देतं. राष्ट्रीय संचात दर सालाची एक साधी मजकूर-फाइल असते आणि एका ओळीत नाव, लिंग, संख्या. १८८० च्या फाइलची पहिली ओळ ‘मेरी, एफ, ७०६५’ अशी आहे. राज्यवार संच १९१० पासूनचा आहे आणि त्यात रकान्यांचा क्रम वेगळा: राज्य, लिंग, साल, नाव, संख्या. दोन्ही एकाच तक्त्यात ओतताना हमखास चूक होते ती इथे.

काढायचं असं. १९१० ते १९१५ या सहा फाइलींतून ‘मर्ल’च्या एफ आणि एम अशा दोन्ही ओळी घ्या. एकाच सालावर थांबू नका, कारण विरळ नावाचा आकडा सालागणिक उड्या मारतो. मग त्याच फाइलींतली सर्व मुलींची आणि सर्व मुलग्यांची बेरीज वेगवेगळी काढा. ही दुसरी पायरी बहुतेक लोक गाळतात आणि उत्तर चुकतं ते तिथेच.

कारण हे आकडे जन्मनोंदणीचे नाहीत, सोशल सिक्युरिटी कार्डासाठी आलेल्या अर्जांचे आहेत. कार्डं द्यायला सुरुवात झाली १९३६ च्या अखेरीस. म्हणजे १९१२ साली जन्मलेला माणूस या मोजणीत यायचा तर त्याने तोवर जगायला हवं आणि अर्ज करायला हवा. १९३७ पूर्वी जन्मलेल्या कित्येकांनी तो कधी केलाच नाही. बायका सरासरीने जास्त जगल्या, म्हणून जुन्या सालांत त्या जास्त दिसतात. १९०० च्या फाइलमध्ये मुलींची बेरीज मुलग्यांच्या जवळजवळ दुप्पट भरते. प्रत्यक्षात दर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात. पुढच्या सालांत ही दरी कमी होत जाते, पण १९१२ पर्यंत मिटलेली नाही.

गणित करून पाहा. समजा एका सालात नाव ६० मुलींचं आणि ६० मुलग्यांचं नोंदलंय. वरवर पाहता निम्मं-निम्मं. पण त्या सालाची एकूण बेरीज मुली ३,००,००० आणि मुलगे १,५०,००० असेल, तर दर लाखामागे मुलींत २० आणि मुलग्यांत ४० येतात. म्हणजे खरं प्रमाण एकास दोन. (हे आकडे फक्त रीत दाखवायला घेतलेत, ‘मर्ल’चे नाहीत.)

आकडेकर
वरचं लिहिताना तीन गोष्टी राहिल्या.

एका सालात एका लिंगासाठी पाचपेक्षा कमी नोंदी असतील तर ती ओळ फाइलमध्ये नसते. ओळ नाही याचा अर्थ शून्य नव्हे. ० ते ४ यांतलं काहीही असू शकतं. राज्यवार संचात हाच नियम राज्यागणिक लागतो. त्यामुळे सगळ्या राज्यांची बेरीज राष्ट्रीय आकड्यापेक्षा कमी भरते, आणि नाव जितकं विरळ तितकी जास्त गळती. आयोवाच्या फाइलमध्ये एखाद्या साली एकाच लिंगाची ओळ दिसली तर लगेच निकाल देऊ नका.

प्रत्येक स्पेलिंग स्वतंत्र मोजलं जातं. हे नाव शेवटच्या ‘ई’शिवायही लिहीत, आणि मधल्या स्वराच्या जागी यू, वाय किंवा ईए घालूनही. ही सगळी रूपं वेगळी काढा, पण बेरीज आंधळेपणाने करू नका. एकाच उच्चाराच्या दोन स्पेलिंगांचा लिंगकल वेगळा असू शकतो. सहीत जे स्पेलिंग आहे त्याचंच प्रमाण आधी पाहा. मेरिल किंवा म्युरिएल यांना यात ओढू नका, ती निराळी नावं आहेत.

तिसरी गोष्ट खास आयोवासाठी. सोशल सिक्युरिटीच्या सुरुवातीच्या कायद्यात शेतमजूर आणि घरकामगार नव्हते, आणि स्वतःची शेती करणारे तर १९५०च्या दशकाच्या मध्यात आत आले. म्हणजे शेतीप्रधान राज्यातले १९१२ चे पुरुष या फाइलींत उशिरा शिरले, आणि काही शिरलेच नाहीत. राज्यवार संचातला आकडा जन्मराज्याचा असतो, हेही ध्यानात असू द्या. आयोवातून पत्र लिहिणारी व्यक्ती नेब्रास्कात जन्मलेली असू शकते.

आणि पुस्तकांतल्या शब्दांची वारंवारता दाखवणारे आलेख या नावासाठी वापरू नका. ‘मर्ल’ हे आडनावही आहे, आणि कुत्र्यांच्या अंगावरच्या ठिपकेदार रंगछटेलाही हाच शब्द आहे. आलेख वर गेला तर तो कुत्र्यांमुळे गेला की माणसांमुळे, हे त्यात दिसत नाही.

जुनी नोंद
टक्केवारी कितीही नेटकी काढली तरी ती समूहाची. ७० टक्के पुरुष निघाले तरी तुमची व्यक्ती उरलेल्या ३० मधली असू शकते. संपूर्ण नाव, निदान आडनाव पाकिटावर आहे का? असेल तर अंदाजाची गरजच नाही, माणूसच शोधा.

अमेरिकेची खानेसुमारी ७२ वर्षांनी खुली होते. १९४० ची २०१२ मध्ये झाली, १९५० ची १ एप्रिल २०२२ ला. दोन्ही राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. १९४० ची मोजणी १ एप्रिल या तारखेची धरलेली आहे. तिथे वय २७ असेल तर जन्म २ एप्रिल १९१२ ते १ एप्रिल १९१३ मधला.

लिंगाच्या रकान्यात फक्त एम किंवा एफ हे एक अक्षर असतं आणि घाईच्या हस्ताक्षरात ते फसवतं. त्यावर थांबू नका. शेजारचा कुटुंबप्रमुखाशी नात्याचा रकाना वाचा. तिथे ‘मुलगा’, ‘मुलगी’, ‘पत्नी’ असं नातं शब्दांत असतं. दोन्ही जुळले तर विश्वास ठेवा. १९४० च्या पानावर माहिती देणाऱ्याच्या नावापुढे वर्तुळात फुली असते. घरच्याच माणसाने सांगितलं असेल तर नोंद जास्त भरवशाची. शिवाय १९२० आणि १९३० च्या पानांवर तीच व्यक्ती मूल म्हणून आईवडिलांच्या घरात सापडायला हवी. तिन्ही ठिकाणी एकच लिंग आलं की प्रश्न मिटला.

शोधताना नाव सापडलं नाही तर दोन कारणं असतात. एक, सूची करणाऱ्याने नाव चुकीचं वाचलं. अशा वेळी आडनाव, वय आणि परगणा (काउंटी) एवढंच देऊन शोधा, पहिलं नाव रिकामं सोडा. दोन, ती बाई असून मधल्या काळात लग्न होऊन आडनाव बदललं. १९३० मध्ये आहे, १९४० मध्ये त्या आडनावाने नाही, यावरून बाई असण्याची शक्यता थोडी वाढते, पण तो पुरावा नव्हे.

पुरुष असल्याचा पक्का पुरावा मात्र एक आहे. १६ ऑक्टोबर १९४० ला २१ ते ३५ वयाच्या सर्व पुरुषांची लष्करभरतीसाठी नोंदणी झाली. १९१२-१३ चा जन्म त्यात बरोब्बर बसतो. त्या कार्डावर संपूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख आणि सही असते. पत्रावरची सही कार्डाशी ताडून पाहा. कार्ड न मिळालं तर मात्र ‘म्हणजे बाई’ असं म्हणू नका. आधीच सैन्यात असलेल्यांना ही नोंदणी करायची नव्हती, आणि कार्डं गहाळही झाली आहेत.

सोशल सिक्युरिटीच्या मृत्यूसूचीत वेळ घालवू नका, तिच्यात लिंगाचा रकाना नाही. मूळ अर्जाची प्रत मागवली तर तिच्यावर लिंग आणि आईवडिलांची नावं दोन्ही असतात.

टपालवही
आडनाव दोन पाकिटांवर आहे, गावही आहे. म्हणजे खानेसुमारीपासून सुरू करते. पण पहिली काही पत्रं याच आठवड्यात द्यायची आहेत, तोवर मराठीचं काय करू?

क्रियापद
तोवर लिंग न सांगणारी मराठी लिहा. जमते, फक्त कुठे अडेल ते आधी माहीत हवं.

प्रथमपुरुषात अडतं ते अकर्मक भूतकाळात (‘गेलो/गेले’, ‘बसलो/बसले’), साध्या वर्तमानात (‘जातो/जाते’) आणि ‘होतो/होते’मध्ये. बाकी बरंच मोकळं आहे. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जातं: ‘मी पत्र लिहिलं’, ‘मी गाय विकली’. भविष्यकाळात ‘मी येईन’, ‘मी येणार आहे’. सवयीच्या भूतकाळात ‘मी रोज जात असे’. अनुभवाची क्रियापदं ‘मला आठवतं’, ‘मला थंडी वाजली’. आणि ‘आम्ही’ घेतलं की ‘आम्ही गेलो’ दोघांनाही चालतं. पत्रात घरच्यांसोबतची हकिकत असेल तिथे हे अगदी सहज बसतं.

फसगत होते ती ‘माझं जाणं झालं’, ‘माझ्याकडून बसलं गेलं’ अशा रचनांनी. पहिली एखाद्या पानात एकदा खपते, दुसरी कधीच नाही. वाक्य आडवळणाचं होतंय असं वाटलं तर कर्ताच बदला. ‘मी काल गावात गेलो’ऐवजी ‘काल गावात काम होतं’. जुन्या पत्राच्या भाषेला ते शोभतंही.

प्रस्तावनेत व टिपांत तृतीयपुरुष येईल. तिथे ‘ते/त्या’ आणि ‘म्हणाले/म्हणाल्या’ टाळा. ‘मर्ल यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचा’, ‘त्या काळी त्या गावात राहत असत’ चालतं. मात्र ‘त्या’ हे दर्शक विशेषण आणि ‘त्या’ हे सर्वनाम वाचकाला एकच वाटू शकतं, म्हणून ‘त्या काळी’सारखे शब्द नावाला चिकटून येऊ देऊ नका. ‘श्री.’, ‘सौ.’ तर लावूच नका.

दहा वर्षांची सगळी पत्रं अशी काढू नका. वीस पानांनंतर वाचकाला काहीतरी लपवलंय हे जाणवायला लागतं.

राईनकाठ
जर्मन किंवा एस्टोनियन मजकुरात हे नाव आलं तर वरचं गणित लावू नका. तिथे ते मुलीचं नाव आहे (जर्मन फुटबॉल गोलरक्षक मेर्ले फ्रोम्स, एस्टोनियन अभिनेत्री मेर्ले पाल्मिस्ते), उच्चार दोन अवयवांचा, म्हणून मराठीत ‘मेर्ले’ लिहावं. ब्रिटनसाठीही निराळे आकडे आहेत: इंग्लंड-वेल्सची सांख्यिकी कचेरी १९९६ पासूनच्या सर्व सालांसाठी तीन किंवा जास्त नोंदी असलेली नावं देते, आणि ती खऱ्या जन्मनोंदणीवरून.

जर्मनीत उभयलिंगी नावाला जोडून लिंग स्पष्ट करणारं दुसरं नाव लावण्याचा आग्रह नोंदणी कचेऱ्या धरत. तो मोडला तिथल्या घटना न्यायालयाने ५ डिसेंबर २००८ ला, आणि खटल्यातलं नाव होतं ‘किरण’. आईवडिलांना मुलीचं तेवढंच नाव हवं होतं, कचेरीने नाकारलं होतं.

टपालवही
१९३० चं पान सापडलं. आडनाव जुळतंय, परगणाही. पण सूचीत पहिलं नाव ‘मेबल’ आणि वय १७ असं आहे, प्रतिमेत मात्र ते ‘मर्ल’सारखं दिसतंय. नात्याच्या रकान्यावर शाईचा डाग आहे.

जुनी नोंद
सूचीवर जाऊ नका, प्रतिमाच खरी. त्याच पानावर त्याच हाताने लिहिलेलं दुसरं ‘मेबल’ आणि एखादं ‘र्ल’ने संपणारं नाव, उदाहरणार्थ ‘अर्ल’ किंवा ‘पर्ल’, शोधा आणि शेवटची तीन अक्षरं शेजारी ठेवून पाहा. मग १९२० चं पान काढा. मोजणी १ जानेवारी १९२० च्या तारखेची होती, तेव्हा वय ६ किंवा ७ हवं. भावंडांची नावं दोन्ही पानांवर त्याच क्रमाने आली की घर तेच, आणि तिथल्या नात्याच्या रकान्यावर डाग नसेल.