पेंग की थकवा? दवाखान्यात नेमका कोणता शब्द सांगावा?

दापोलीहून विचारते आहे. सासरे ६२ वर्षांचे. सकाळी पेज जेवून ओटीवरच्या झोपाळ्यावर बसले की दहा वाजताच मान खाली. बोलता बोलता पेंगतात. गेल्या महिन्यात दवाखान्यात ‘फार थकवा आहे’ एवढंच सांगितलं आणि ताकदीच्या गोळ्या घेऊन परत आलो. आता वाटतं, आमचा शब्दच चुकला. पेंग, झापड, डुलकी, सुस्ती, गुंगी यांत फरक काय?

मालवणहून : ताई, फरक मोठा आहे. थकलेला माणूस आडवा पडतो, पण त्याला झोप लागेलच असं नाही. पेंगणाऱ्यावर झोप चालून येते. झापड येते ती डोळ्यांवर, पापण्या मिटू लागतात. घोड्याच्या डोळ्यांना बांधतात तीही झापडंच. डुलकी ‘डुलणे’वरून, म्हणजे मान डुलते ती. आता क्रियापदं बघा. ‘डुलकी काढली’ म्हणतो, ‘पेंग काढली’ कुणीच म्हणत नाही. पेंग येते. ती आपल्या हातात नसते, आणि डॉक्टरला कळायला हवं ते हेच.

गुंगी औषधाची. सर्दीच्या, खाजेच्या कितीतरी गोळ्यांनी येते. ग्लानी तापातली. सुस्ती जेवणावरची, पण तिचा सगळा दोष भात-आमटीला देऊ नका, दुपारी एक ते तीनच्या सुमारास शरीराचं घड्याळच जरा मंदावतं.

रत्नागिरीहून : ‘दिवास्वप्न’ राहिलं. मराठीत त्याचा अर्थ मनोराज्य, आयुर्वेदात मात्र सरळ दिवसाची झोप, कारण संस्कृतात ‘स्वप्’ म्हणजे झोपणे. चरकांनी ती ग्रीष्मात चालवून घेतली आहे; एरवी कफ वाढतो म्हणून टाळायला सांगितली. वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवर घटकाभर पडणं. वीसेक मिनिटांत उठलं तर रात्रीची झोप बिघडत नाही.

मालवणहून : ऑस्ट्रेलियातल्या मरे जॉन्स या डॉक्टरांनी १९९१ साली एपवर्थ नावाची प्रश्नावली तयार केली. वाचत बसलात, टीव्ही पाहताय, दुपारी आडवे झालात, असे आठ प्रसंग. प्रत्येक वेळी डोळा लागण्याची शक्यता किती, त्याला ० ते ३ गुण, एकूण २४. बेरीज १० च्या वर गेली तर डॉक्टरांना दाखवावं. तिच्यातही आधीच बजावलेलं असतं : नुसता थकवा विचारत नाही, डोळा लागतो का ते सांगा. तुमचाच प्रश्न, ताई!

एक विचारतो, रात्री घोरतात का? घोरता घोरता मध्येच शांत होऊन दचकून श्वास घेतात का? तसं असेल तर झोपेत श्वास अडकत असणार. मग रात्रभर अंथरुणात असूनही झोप पुरी होत नाही. त्याची तपासणी असते, उपचारही आहेत. रक्त कमी असणं, थायरॉईड हेही बघून घ्या. आणि तोवर स्कूटरची चावी काढून ठेवा. घाटात एक पेंग पुरते.

दापोलीहून : घोरतात हो, आणि थांबतातही. सासूबाई कित्येक वर्षं रात्री त्यांना हलवून कुशीवर वळवतात. घरात सगळे त्यांना आळशी म्हणत आलो, त्याचं आता फार वाईट वाटतं. सोमवारी चिपळूणला नेतो. कागदावर लिहून घेतलंय : ‘दिवसा बसल्याजागी पेंग. रात्री घोरणं, मध्ये श्वास थांबतो.’ सर्दीच्या गोळ्यांचं पाकीटही पिशवीत टाकलंय.